भयाचे न्यायासन

रोझेनबर्ग दांपत्याचा प्रश्न आता कायमचा निकालात निघाला, असे सांगणारी मंडळी अलीकडे फार झाली आहेत. १९९५ च्या जुलै महिन्यात अमेरिकन सरकारने 'व्हेनोना' या टोपणनावाखाली पन्नास वर्षे दडवून ठेवलेल्या रशियन हेरखात्याच्या तारा प्रसिद्ध करण्यास आरंभ केला, आणि त्यांवरून ज्यूलियस रोझेनबर्ग हा रशियाचा हेर होता हे उघड झाले. तेव्हा ज्यांनी त्याच्या निरपराधित्वाच्या आणाभाका घेतल्या होत्या त्यांनी आता तोंड मिटून बसावे, आणि ज्या न्यायालयाने त्याला व त्याच्या पत्नीला विजेच्या खुर्चीत बसविले त्या न्यायालयाला दिलेले दूषण परत घ्यावे, असा या मंडळींचा आग्रह असतो. यांपैकी पहिली मागणी आम्हांस मान्य आहे. ज्यूलियस हेर होता. याविषयी आता शंका घेण्यास जागा उरलेली नाही, आणि जे अजूनही ती घेतात त्यांच्याशी आम्हांस वाद घालावयाचा नाही. दुसरी मागणी मात्र आम्ही साफ नाकारतो. गावकऱ्यांनी केवळ संशयावरून ज्याला झोडपून मारले तो मागाहून खरोखरच चोर निघाला, तर झोडपणारे न्यायाधीश ठरतात काय? न्याय ही निकालाची नव्हे, निकालापर्यंत जाणाऱ्या वाटेची परीक्षा असते. आणि या प्रकरणातील वाट किती वाकडी होती, हे त्याच सरकारच्या त्याच दप्तरांनी आता जगापुढे मांडले आहे. व्हेनोनाच्या तारांनी ज्यूलियसला दोषी ठरविले हे खरे. पण त्या तारा नीट वाचल्या तर त्या फिर्यादीलाही आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करतात. आणि आमचे हे मित्र त्या तारा अर्ध्याच वाचून पुस्तक मिटतात.

ज्या हवेत हा खटला चालला ती हवा प्रथम ध्यानात घेतली पाहिजे. २९ ऑगस्ट १९४९ रोजी रशियाने आपला पहिला अणुबाँब उडवून पाहिला. २३ सप्टेंबरला अध्यक्ष ट्रूमन यांनी ती वार्ता आपल्या देशाला सांगितली. पुढच्याच आठवड्यात चीनमध्ये माओची राजवट जाहीर झाली. १९५० च्या जानेवारीत परराष्ट्रखात्यातील जुने अधिकारी अल्जर हिस यांस खोट्या शपथेबद्दल पाच वर्षांची सजा झाली. त्याच महिन्यात क्लाउस फुक्स या शास्त्रज्ञाने लंडनमध्ये हेरगिरीचा कबुलीजबाब दिला. ९ फेब्रुवारीस मॅकार्थी नावाच्या, तोवर फारसे कोणास ठाऊक नसलेल्या सेनेटरने व्हीलिंग गावच्या सभेत हातातला एक कागद फडकावला व परराष्ट्रखात्यातील २०५ कम्युनिस्टांची यादी आपणाजवळ असल्याचे सांगितले. दोनच दिवसांत हा आकडा ५७ झाला, पुढे आणखी बदलला; पण भ्यालेला मनुष्य आकड्यांची बेरीज तपासीत बसत नाही. २५ जूनला कोरियात युद्ध पेटले. आणि त्यानंतर तीन आठवड्यांनी, १७ जुलै रोजी, न्यूयॉर्कमधील एका लहानशा यंत्रशाळेचा चालक, विद्युत्शास्त्र शिकलेला बत्तीस वर्षांचा ज्यूलियस रोझेनबर्ग पकडला गेला.

या भीतीच्या मुळाशी एक गर्व होता, आणि तो उघडा करून दाखविल्यावाचून पुढे जाता येत नाही. अणुबाँब ही काही एका तिजोरीत ठेवलेली चिठ्ठी आहे, ती चिठ्ठी अमेरिकेच्या ताब्यात आहे, व चोरल्यावाचून ती दुसऱ्याच्या हाती जाणे शक्य नाही, अशी सामान्य अमेरिकन नागरिकाची समजूत करून देण्यात आली होती. वस्तुतः निसर्गाचे नियम कोणाच्याही तिजोरीत राहत नाहीत हे शास्त्रज्ञ पहिल्यापासून कंठरवाने सांगत होते; किंबहुना बाँब कोणत्या तत्त्वावर बनला त्याचा स्मिथ अहवाल अमेरिकन सरकारनेच १९४५ च्या ऑगस्टमध्ये छापून विकावयास काढला होता. रशियाचा पहिला बाँब हा अमेरिकेच्या प्लुटोनियम बाँबची नक्कल होता आणि त्यात हेरांनी पुरविलेल्या माहितीचा मोठा वाटा होता, हे आम्ही लपवू इच्छीत नाही. परंतु ती माहिती न मिळती तर रशिया कायमचा बाँबविना राहिला असता, असे कोणीही जाणता मनुष्य म्हणणार नाही. प्रश्न होता तो एकदोन वर्षांच्या उशिराचा. प्रतिस्पर्ध्यालाही बुद्धी असू शकते हे कबूल करण्यापेक्षा आपल्या घरात चोर शिरला असे मानणे अहंकाराला सोपे जाते. चोर खरोखरच शिरले होते, ही या प्रकरणातील गुंतागुंत होय. पण सरकारने पकडला तो कोणता चोर, आणि सोडून दिला तो कोणता?

फुक्सच्या कबुलीवरून फिलाडेल्फियाचा रसायनज्ञ हॅरी गोल्ड सापडला. गोल्डच्या कबुलीवरून डेव्हिड ग्रीनग्लास. ग्रीनग्लासच्या कबुलीवरून त्याचा मेहुणा ज्यूलियस. हा ग्रीनग्लास युद्धकाळात लॉस अलामॉसच्या अणुशाळेत साधा यंत्रकारागीर होता. त्याची सख्खी बहीण एथेल ही ज्यूलियसची पत्नी. ११ ऑगस्ट रोजी तिलाही अटक झाली. ६ मार्च १९५१ रोजी न्यूयॉर्कच्या फोली स्क्वेअरमधील न्यायालयात न्यायमूर्ती आयर्व्हिंग कॉफमन यांच्यापुढे खटला उभा राहिला व २९ मार्चला ज्यूरीने तिन्ही आरोपींना दोषी ठरविले. तिसरा आरोपी मॉर्टन सोबेल. त्यास तीस वर्षांची सजा झाली. अणुबाँबच्या गुपिताशी त्याचा काडीचाही संबंध जोडून दाखविता आला नाही, तरी त्याच खुर्च्यांच्या रांगेत बसविल्यामुळे त्याच्या अंगालाही तोच रंग लागला. २००८ साली, नव्वदी उलटल्यावर, आपण रशियास लष्करी माहिती दिली होती हे त्याने मान्य केले, अणूची नव्हे.

आता पुरावा पाहा. जेली करण्याच्या भुकटीची एक पुठ्ठ्याची डबी कापून तिचा एक तुकडा ग्रीनग्लासजवळ व दुसरा अनोळखी दूताजवळ द्यावयाचा, आणि दोन तुकडे जुळले की खूण पटली असे समजावयाचे, ही कथा ज्यूरीपुढे फार रंगली. मूळ डबी अर्थात कोर्टापुढे नव्हतीच. तिच्यासारखी दुसरी आणवून ती साक्षीदाराकडून कापून घेण्यात आली. ग्रीनग्लासने दिलेल्या नकाशांचेही तसेच. १९४५ साली रशियास गेलेले कागद कोणापाशीच नव्हते. तेव्हा पाच-सहा वर्षांनंतर त्याने स्मरणाने पुन्हा काढलेली आकृती निशाणी क्रमांक ८ म्हणून दाखल झाली. आणि ती दाखल होताच जे घडले ते आमच्या मते या संपूर्ण खटल्याचे मर्म आहे. बचावाचे वकील इमॅन्युएल ब्लॉक हे स्वतःच उठले आणि ही आकृती राष्ट्राच्या सुरक्षिततेसाठी मोहोरबंद करून ठेवावी, अशी त्यांनीच कोर्टाला विनंती केली! सरकारी वकिलांनाही या उदारतेचा अचंबा वाटला असेल. आपण देशद्रोही नाही हे सिद्ध करण्याची घाई आरोपीच्या वकिलालाही इतकी झाली होती की, ज्या कागदावर अशिलाचे प्राण अवलंबून, तो कागद खरोखर कितपत मोलाचा आहे हे कोणा तज्ज्ञाकडून तपासून घेण्याऐवजी त्याने त्या कागदाला आपल्या हाताने अणुरहस्याची प्रतिष्ठा दिली. पुढे १९६६ मध्ये ती आकृती मोकळी झाली, तेव्हा लॉस अलामॉसला प्रत्यक्ष काम केलेल्या फिलिप मॉरिसन व हेन्री लिन्शित्झ या शास्त्रज्ञांनी ती ओबडधोबड आणि अपुरी असल्याचे प्रतिज्ञेवर सांगितले. तोवर आरोपींना जाऊन तेरा वर्षे झाली होती.

ज्यूलियसविरुद्ध निदान साक्षीला साक्ष जुळत होती. एथेलविरुद्ध काय होते? एक टाइपरायटर. १९४५ च्या सप्टेंबरात आपण आणलेली हस्तलिखित टिपणे बहिणीने रोझेनबर्गांच्या घरी टाइप केली, असे ग्रीनग्लासने शपथेवर सांगितले. त्याची पत्नी रूथ हिने त्यास दुजोरा दिला. समारोपाच्या भाषणात सरकारी वकील सेपोल यांनी हाच टाइपरायटर ज्यूरीच्या कानांपाशी खडखडविला: एकेका कळेवर पडलेला त्या बाईचा आघात हा देशावरचा आघात होता, अशा आशयाचे ते वक्तृत्व होते. या टाइपरायटरचा जन्म कधी झाला हे मात्र ज्यूरीला कळले नाही. खटला भरण्याजोगा पुरावा आहे की नाही हे बंद दाराआड ठरविणारी जी ग्रँड ज्यूरी असते तिच्यापुढे याच दांपत्याच्या साक्षी १९५० च्या ऑगस्टमध्ये झाल्या होत्या. रूथची साक्ष २००८ साली व डेव्हिडची २०१५ साली खुली झाली. रूथने तेथे टाइपरायटरचे नावही काढलेले नाही. टिपणे आपण हाताने लिहिली असे ती म्हणाली. डेव्हिडने तर बहिणीशी या विषयावर आपले कधी बोलणेच झाले नाही असे सांगितले. मग टाइपरायटर आला कोठून? ८ फेब्रुवारी १९५१ रोजी वॉशिंग्टनमध्ये अणुशक्तीविषयक संसदसमितीची एक गुप्त बैठक भरली होती. तीत सरकारपक्षाचे वकील माइल्स लेन यांनी एथेलविरुद्धचा पुरावा फारसा बळकट नाही हे मोकळेपणाने कबूल केले, आणि तरीही तिला दोषी ठरवून जबर शिक्षा होणे अत्यंत अगत्याचे आहे असे सांगितले. त्याच महिन्याच्या अखेरीस ग्रीनग्लास नवराबायकोच्या स्मरणात टाइपरायटर प्रकट झाला. खटला उभा राहण्यास तेव्हा दहाबारा दिवस उरले होते.

ग्रीनग्लासला पंधरा वर्षांची सजा होऊन तो १९६० साली सुटला. रूथवर खटलाच झाला नाही. म्हातारपणी, २००१ साली, एका पत्रकारापाशी त्याने सांगून टाकले की बहिणीने टाइप केल्याचे आपणास मुळीच आठवत नव्हते. बायकोला वाचवावयाचे होते म्हणून तसे म्हटले. बायको आणि बहीण यांतून एकीची निवड करावयास लावणारा प्रसंग कोणावरही येऊ नये. पण तो या माणसावर दैवाने आणलेला नव्हता, सरकारी वकिलाने आणला होता. माफीचा साक्षीदार ही संस्था काय असते हे आमच्या वाचकांस सांगावयास नको. ज्याच्या मानेवरचा फास साक्षीच्या प्रमाणात सैल होतो, त्याची स्मरणशक्ती दिवसेंदिवस वाढत जाते.

५ एप्रिल १९५१ रोजी न्यायमूर्ती कॉफमन यांनी शिक्षा सांगितली. हा अपराध खुनाहून वाईट होय, कोरियातील आक्रमण व तेथील पन्नास हजारांवर हताहत यांचे कारण या दोघांची करणी होय, असे त्यांनी निकालपत्रात म्हटले. कोरियाचे युद्ध या दोघांमुळे झाले की नाही हा मुद्दा ज्यूरीपुढे केव्हा होता? त्याचा पुरावा कोणी दिला? उलटतपासणी कोणी केली? रस्त्यावरचा भ्यालेला माणूस जे पानपट्टीवर बोलला असता ते न्यायमूर्तींनी न्यायासनावरून बोलून दाखविले, एवढाच त्याचा अर्थ. शिक्षेविषयी ते बचावपक्षाच्या पाठीमागे सरकारपक्षाशी सल्लामसलत करीत होते, हेही पुढे सरकारी कागदपत्रांतूनच बाहेर आले. आणि कायदा कोणता? १९१७ चा हेरगिरीचा कायदा. युद्धकाळात शत्रूस किंवा परराष्ट्रास माहिती दिली तर त्यात देहांताची शिक्षा सांगितली आहे. युद्ध चालू होते हे खरेच. पण १९४४-४५ साली ते जर्मनीशी व जपानशी चालू होते, आणि रशिया हा त्या युद्धात अमेरिकेचा दोस्त होता. इंग्लंडात फुक्सचा खटला दीड तासही चालला नाही; ज्या राष्ट्रास माहिती दिली ते त्या वेळी मित्रराष्ट्र होते म्हणून तेथील कायद्याप्रमाणे त्यास जास्तीत जास्त चौदा वर्षे देता आली, आणि नऊ वर्षांनी तो सुटूनही गेला. बाँबच्या रचनेची जी माहिती फुक्सने दिली तिच्यापुढे ग्रीनग्लासच्या आकृत्या म्हणजे पोरखेळ. धनी चौदा वर्षे, हमाल विजेच्या खुर्चीत. आणि हमालाची बायकोही त्याच खुर्चीत.

आरोपपत्रात हेरगिरी केल्याचा नव्हे, हेरगिरीचा कट केल्याचा आरोप होता. 'कट' हा शब्द मराठी वाचकास नवा नाही. २० मार्च १९२९ रोजी मीरत खटल्यासाठी धरपकड झाली तेव्हा डांगे, घाटे, मिरजकर, जोगळेकर, निंबकर, अधिकारी यांच्याबरोबर आळवे, कासले यांच्यासारखे मुंबईचे गिरणीकामगार पुढारीही त्यात गोवले गेले होते. बादशहाचे हिंदुस्थानावरील सार्वभौमत्व हिरावून घेण्याचा त्यांनी कट केला, असा आरोप होता. कृत्य काय केले हे न सांगता, कोणाशी पत्रव्यवहार केला, कोणती पुस्तके बाळगली, कोणत्या सभेत कोणते ठराव केले, याचे डोंगर कोर्टापुढे रचण्यात आले, आणि मुंबई-कलकत्त्याची ज्यूरी टाळण्यासाठी तो खटला मुद्दाम मीरतेस चालविला गेला. कटाच्या आरोपाची सोय हीच की, त्यात एकाचे बोलणे दुसऱ्याविरुद्ध पुरावा होते व मताचे रूपांतर हेतूत करता येते. फोली स्क्वेअरमध्येही तेच झाले. रोझेनबर्ग कम्युनिस्ट होते काय, स्पेनच्या निर्वासितांसाठी त्यांनी वर्गणी गोळा केली काय, अशा प्रश्नांनी ज्यूरीचे कान भरले गेले, आणि न्यायमूर्तींनी, कम्युनिस्ट असणे म्हणजे अपराधी असणे नव्हे, हेतूपुरताच याचा उपयोग करावा, अशी समज देऊन ते सारे आत घेतले. एकदा विष पाजल्यावर ते पचवू नका असे सांगण्यासारखेच हे झाले. मीरतेत निदान कोणाला देहांताची शिक्षा झाली नाही. अलाहाबादच्या हायकोर्टाने १९३३ साली बहुतेकांच्या शिक्षा पुष्कळ खाली आणल्या. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने रोझेनबर्ग खटल्याचा पुरावा एकदाही तपासावयास घेतला नाही.

आता व्हेनोनाकडे वळू, कारण आमच्या प्रतिपक्षाचा सारा भार त्याच्यावर आहे. अमेरिकन लष्कराच्या सांकेतिक लिपी उलगडणाऱ्या खात्याने १९४३ पासून रशियन तारांवर काम चालविले होते. मेरेडिथ गार्डनर आदी विद्वानांनी अपार परिश्रम करून त्यांतील काही उलगडल्या. त्यांत 'अँटेना' व पुढे 'लिबरल' या नावाने वावरणारा हेर ज्यूलियस होय हे १९५० मध्ये सरकारास कळून चुकले होते. म्हणजे खरा पुरावा सरकारजवळ होता. पण तो उघड केला तर आपण तारा वाचतो हे रशियास कळेल, या भीतीने तो कोर्टापुढे आणला नाही. येथवर कोणी म्हणेल, यात वावगे काय? वावगे हे की, ज्याच्यापासून हे गुपित राखावयाचे त्याला ते आधीच ठाऊक होते! त्याच खात्यात काम करणाऱ्या विल्यम वाइसबँडने ते रशियास कळविले होते, आणि ब्रिटिश हेरखात्याचा वॉशिंग्टनमधील प्रतिनिधी किम फिल्बी याला तर उलगडलेल्या तारा १९४९ पासून अधिकृतपणे दाखविल्या जात होत्या. मॉस्कोला माहीत, लंडनला माहीत. माहीत नव्हते ते फक्त न्यूयॉर्कच्या बारा पंचांना, आरोपीच्या वकिलांना आणि अमेरिकन जनतेला. वाइसबँडवर हेरगिरीचा खटला झालाच नाही. समन्स मोडून ग्रँड ज्यूरीपुढे न आल्याबद्दल त्यास एक वर्षाची कैद झाली.

याहून चमत्कारिक कथा थिओडोर हॉलची. हा लॉस अलामॉसमधील सर्वांत तरुण शास्त्रज्ञांपैकी एक. १९४४ साली, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, तो आपण होऊन रशियनांकडे गेला व बाँबच्या अंतर्भागाची जी माहिती ग्रीनग्लासला समजणेही शक्य नव्हते ती त्याने त्यांस दिली. व्हेनोनाच्या तारांत त्याचे नाव निघाले. १९५१ च्या मार्चमध्ये, म्हणजे ज्या महिन्यात फोली स्क्वेअरमध्ये टाइपरायटर खडखडत होता त्याच महिन्यात, पोलिसांनी शिकागोस त्याची जबानी घेतली. त्याने काही कबूल केले नाही. तारा कोर्टापुढे आणावयाच्या नव्हत्या आणि हॉलला ग्रीनग्लाससारखा मेहुणा नव्हता. तो सुटला, पुढे केंब्रिजला गेला, जीवशास्त्रात त्याने चांगले काम केले, आणि १९९९ साली आपल्या अंथरुणावर वारला. त्याला फाशी व्हावयास हवी होती असे आमचे म्हणणे नाही. आम्हांस कोणालाच फाशी दिलेली नको आहे. परंतु शिक्षा अपराधाच्या मानाने झाली, असे ज्यांना म्हणावयाचे आहे त्यांनी हॉलच्या या संथ आयुष्याचा हिशेब आधी द्यावा.

आणि एथेल? त्याच तारांत ज्यूलियसला टोपणनाव आहे, रूथ ग्रीनग्लासला टोपणनाव आहे, एथेलला नाही. १९४४ च्या नोव्हेंबरमधील एका तारेत तिचा उल्लेख येतो तो इतकाच की, नवऱ्याचे काम तिला माहीत आहे आणि प्रकृती नाजूक असल्यामुळे ती काम करीत नाही. गार्डनर यांनी १९५० च्या ऑगस्टमध्ये, म्हणजे तिला अटक झाली त्याच महिन्यात, स्वहस्ते लिहिलेल्या टिपणात हाच निष्कर्ष नमूद केला होता. ते टिपण २०२४ साली बाहेर आले. तेव्हा तिला का धरले? याचेही उत्तर सरकारी दप्तरातच आहे. ज्यूलियस पकडला गेल्यानंतर दोनच दिवसांनी पोलिसप्रमुख हूव्हर यांनी वरिष्ठांस कळविले की, पत्नीवर कारवाई केल्यास नवऱ्याला बोलते करण्यास ती तरफेसारखी उपयोगी पडेल. तरफ! चोराच्या बायकोला ओलीस धरून चोराला शरण आणण्याची युक्ती मोगलाईतल्या कोतवालांनाही ठाऊक होती. फरक इतकाच की, ते तिला न्याय म्हणत नसत. नवरा बोलला नाही. मग ओलीस परत करणे सरकारला लाजिरवाणे वाटू लागले, कारण परत करणे म्हणजे ती ओलीस होती हे कबूल करणे. शिक्षेच्या रात्री सिंग-सिंगच्या तुरुंगात पोलिस अधिकारी वॉशिंग्टनशी तारायंत्र जोडून बसले होते. ज्यूलियस अखेरच्या क्षणी बोललाच तर त्यास विचारावयाच्या प्रश्नांची यादी त्यांच्याजवळ तयार होती. पत्नीला तुझ्या कृत्यांची माहिती होती काय, हा त्यांतील एक प्रश्न. जिला घटकाभराने मारावयाचे तिच्याविषयी हा प्रश्न! ज्यांना तो विचारावासा वाटला त्यांना त्याचे उत्तर ठाऊक नव्हते, हे उघड आहे.

काळच तसा होता, असे यावर सांगण्यात येते. हा युक्तिवाद आम्हांस सर्वांत घातक वाटतो, कारण तो सौम्य दिसतो. काळ तसा होता तर तो हॅरल्ड युरी यांच्यासाठीही तसाच होता. अणुसंशोधनात प्रत्यक्ष भाग घेतलेल्या या नोबेल मानकऱ्याने १९५३ च्या जानेवारीत ग्रीनग्लास दांपत्याच्या साक्षीवर आपला विश्वास बसत नाही असे जाहीरपणे लिहिले, व आइन्स्टाइननी त्यास पाठिंबा दिला. काळ न्यायमूर्ती डग्लस यांच्यासाठीही तसाच होता. १९४६ च्या अणुशक्तीच्या कायद्याप्रमाणे ज्यूरीच्या शिफारशीवाचून देहांत देता येत नाही, तो कायदा येथे लागू पडतो की नाही हे पाहिले पाहिजे, असे म्हणून त्यांनी १७ जून १९५३ रोजी शिक्षा तहकूब केली. सर्वोच्च न्यायालयाची सुट्टी लागली होती. तरी मुख्य न्यायमूर्ती व्हिन्सन यांनी सर्वांना परत बोलाविले आणि १९ जून रोजी सहा विरुद्ध तीन मतांनी ती तहकुबी रद्द झाली. नवा, गहन, पूर्वी कधी न तपासलेला मुद्दा दोन दिवसांत निकालात! न्यायमूर्ती फ्रँकफर्टर यांना तर आपले विरोधी मत लिहिण्यासही सवड मिळाली नाही. ते २२ जूनला दाखल झाले, तोवर ज्यांच्यासाठी लिहावयाचे ती माणसे तीन दिवसांपूर्वी मेली होती. काळाने सगळ्यांचीच अक्कल हिरावून घेतली असती तर ही नावे आम्हांस घेता आली नसती.

ज्यांनी तेव्हा रोझेनबर्गांसाठी अश्रू ढाळले त्या कम्युनिस्ट मित्रांनाही दोन शब्द सांगितल्यावाचून आम्हांस राहवत नाही. १९५२ च्या नोव्हेंबरात प्रागमध्ये स्लान्स्की व त्याचे तेरा सहकारी यांवर हेरगिरीचा व कटाचा खटला चालला. चौदांपैकी अकरा ज्यू होते. पाठ करून घेतलेले कबुलीजबाब त्यांनी पोपटासारखे म्हणून दाखविले. ३ डिसेंबरला अकरा जण फासावर चढले. त्याच दिवसांत युरोपभर कम्युनिस्ट वृत्तपत्रे न्यूयॉर्कच्या दोन ज्यूंसाठी रकाने भरीत होती आणि प्रागच्या अकरांविषयी, ते देशद्रोही होते, एवढे म्हणून मोकळी होत होती. ज्यांची न्यायबुद्धी देशाची सीमा पाहून जागी होते त्यांच्या निषेधाला मोल नसते. शिवाय ज्यूलियस संपूर्ण निरपराध होता या हट्टावर त्यांनी सारा खटला उभा केला आणि एथेलचे मोठे नुकसान केले. कारण १९९५ मध्ये तो हट्ट कोसळला तेव्हा त्याच्या ढिगाऱ्याखाली तिचा निराळा, खरा मुद्दाही कित्येक वर्षे गाडला गेला. तरीपण प्रागचा फास दाखवून न्यूयॉर्कची खुर्ची झाकता येत नाही. ज्या देशाने आपला लढा मुळी अशा राजवटींशीच आहे असे सांगितले, त्याच्या न्यायालयाचे माप प्रागच्या मापाने घेऊन तो बरा ठरला तर त्यात त्याचा कसला गौरव?

शिक्षेची वेळ १९ जूनला, शुक्रवारी, रात्री अकराची ठरली होती. ज्यूंचा सब्बाथ शुक्रवारी सूर्यास्ताला लागतो. त्या पवित्र वेळी तरी हे कृत्य करू नये, अशी विनवणी आरोपींच्या वकिलांनी शेवटचा उपाय म्हणून केली. एक दिवस मिळाला तर मिळाला, एवढीच त्यांची आशा होती. सरकारने धर्मभावनेचा मान राखला. वेळ तीन तास अलीकडे ओढून आठ करण्यात आली, आणि सूर्य मावळण्याच्या आत दोघेही संपविण्यात आली. आधी तो, मग ती. मागे दहा व सहा वर्षांचे दोन मुलगे राहिले. पुढे एबल मीरोपोल या कवीने व त्याच्या पत्नीने त्यांना दत्तक घेतले. हे मुलगे सत्तरीला टेकले तेव्हा, १९५४ साली ओपेनहायमर यांच्यावर संशय घेऊन काढून टाकलेला त्यांचा परवाना अमेरिकन सरकारने अद्याप निर्दोष ठरविला नव्हता. ते काम २०२२ च्या डिसेंबरात झाले. आईविषयी तेवढेच करावे, वडिलांविषयी आमचे मागणे नाही, असे विनंतीपत्र घेऊन हे दोघे भाऊ २०१६ च्या डिसेंबरात व्हाइट हाऊसच्या दाराशी गेले. अध्यक्ष ओबामा यांनी त्यावर होय किंवा नाही काहीच न सांगता पुढच्या महिन्यात पद सोडले.